तक्रार: गिगाबिट छापलेल्या जॉइंटरमध्ये आठऐवजी चारच पिना

ग्राहक सेवेचं काम जे कोणी वर बसून बघत असतील त्यांना,

आत्ताच तुमच्या माणसाने फोन ठेवला, म्हणजे मी बोलत असतानाच ठेवला, म्हणून आता लिहूनच काढते. हा पाचवा कॉल. तक्रार क्रमांक मागू नका, तुम्ही दर कॉलला नवीन देता, माझ्याकडे पाच आहेत, हवा तो घ्या.

विषय तुमचं ते नेटची केबल वाढवायचं किट. 20 मीटरवालं, जॉइंटर आणि भिंतीवरच्या जॅकसकट. माल तुमचाच आहे त्यामुळे त्यात काय काय येतं हे तुम्हाला सांगत बसत नाही. (फोनवर मात्र सांगावं लागलं, जॉइंटर म्हणजे दोन केबल टोकाला टोक जोडायचा तुकडा, इथपासून.)

राउटर हॉलमध्ये, तिथून आतल्या पॅसेजपर्यंत जुनी केबल आहे, असेल 15 मीटर. ती पुढे मागच्या खोलीत न्यायची होती कारण माझं काम आता तिथून चालतं आणि दोन भिंतींपलीकडे वायफाय ऐन मीटिंगमध्ये मान टाकतं. आख्खा रविवार घातला. पाइपात स्प्रिंग सारून केबल ओढली, तुमच्या तयार प्लगमध्ये रंगांचा जो क्रम दिसत होता तोच जॅकला धरला, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडवला नाही. हे सगळं आधीच सांगते कारण "तुम्ही नीट बसवलं नसेल" हे मी दोनदा ऐकून झालंय.

लॅपटॉप लावला. 94.

प्लॅन 300 एमबीपीएसचा आहे. हॉलमध्ये राउटरला थेट लावलं तर 300 च्या जवळपास येतं. जुन्या केबलच्या पॅसेजमधल्या टोकाला लावलं तरी तेवढंच. तुमचा जॉइंटर लावून पुढे गेलं की 94. दुपारी 94, रात्री 94, पहाटे उठून बघितलं तरी 94. नेटच हळू असतं तर आकडा कधी 60 कधी 150 असा नाचला असता. एकाच आकड्यावर खिळा ठोकल्यासारखा बसलाय म्हणजे लिंकच, राउटर आणि लॅपटॉपमधली तारेची जोडणीच, 100 वर उतरलीये, हे नेटवर्कचं सामान विकणाऱ्या कंपनीला मी समजावायचं का?

मग तुमचा जॉइंटर काढला आणि घरातल्या दोन चांगल्या चालणाऱ्या छोट्या केबल त्याने जोडून राउटरपाशीच लावून बघितलं. भिंत नाही, पाइप नाही, माझं काम नाही. तरी 100. केबल टेस्टर लावला, ज्यात आठ तारांचे आठ दिवे असतात, तर 1, 2, 3 आणि 6 चे दिवे लागले, 4, 5, 7, 8 ठार अंधार. शेवटी मोबाइलचा टॉर्च मारून जॉइंटरच्या तोंडात डोकावले. खाचा आठ आहेत, अगदी व्यवस्थित. सोनेरी तारा चारच खाचांत. बाकीच्या चार खाचा पडलेल्या दातांच्या जागेसारख्या रिकाम्या. गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, चारही जोड्या लागतात, आठच्या आठ तारा, दोन जोड्यांवर 100 च्या वर जाताच येत नाही. आणि त्याच जॉइंटरच्या पाठीवर ठळक अक्षरात तुम्ही 'गिगाबिट' छापलंय. छापायला शाई होती, तारेला पैसे नव्हते बहुतेक.

फोटो सोबत जोडलेत, चार आहेत, पिनांइतकेच.

आता तो चौथा कॉल. हा नीट वाचा, रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, "क्वालिटीसाठी" करता ना.

वीस मिनिटं ट्यून ऐकल्यावर एक जण आला. मी सगळं सांगितलं, टेस्टर, दिवे, खाचा. तो म्हणाला, मॅडम राउटर रिस्टार्ट करून बघितला का. म्हटलं, रिस्टार्ट केल्याने जॉइंटरला पिना उगवतात का? तो म्हणाला, नाही मॅडम, पण एकदा करून बघा. मग म्हणाला केबल लांब केली की स्पीड पडणारच, लांबच्या नळाला पाणी कमी येतं ना तसं. नळ! मी म्हटलं अहो सगळी मिळून 35 मीटर होते, 100 मीटरपर्यंत गिगाबिट चालायला पाहिजे, तुमच्या स्वतःच्या खोक्यावर लिहिलंय. तर म्हणे, मॅडम ते ऑफिससाठी असतं, घरात तेवढं जात नाही. म्हणजे केबलला कळतं की आपण कोणाच्या घरात आलोय.

मी अजून शांत होते हं. मग तो म्हणाला, "मॅडम, घरात कोणी जेन्ट्स आहेत का, वायरिंगमधलं समजणारे? त्यांना फोन देता का?"

दिला. खरंच दिला, स्पीकरवर टाकून. आमच्या ह्यांना राउटर कुठल्या खोलीत आहे एवढं नक्की माहीत आहे, त्यापुढचं ते माझ्यावर सोडतात आणि त्यांना त्यात काही कमीपणाही वाटत नाही. पण तुमच्या माणसाचा आवाज एकदम बदलला. सर काय, ओके सर काय, माझ्याशी अर्धा तास न सापडलेला "टेक्निकल टीमचा" ऑप्शन सरांसाठी लगेच सापडला. सरांना विचारलं, सर केबल कॅट 5 आहे की कॅट 6? सर माझ्याकडे बघायला लागले. मी बोटांनी सहा दाखवले. सर म्हणाले सहा. "व्हेरी गुड सर." मग सरांना सांगितलं राउटर रिस्टार्ट करा, आणि आमचे हे भिडस्त, गेले आणि केला, माझी फाइल अपलोड होत होती ती गेली. परत आल्यावर यांनी विचारलं, पण त्या चार पिनांचं काय? तर म्हणे सर, त्यासाठी आमचा वायफाय एक्स्टेंडर घेऊन बघा, छान आहे. तारेचं सामान विकायचं आणि चालत नाही म्हटलं की बिनतारी विकायचं.

पाचव्या कॉलवर मी फक्त एवढंच विचारलं की जॉइंटर बदलून देणार का. उत्तर: "पॅकिंग उघडलेलं आहे मॅडम." न उघडता आत चारच पिना आहेत हे कसं कळणार होतं? इथेच फोन कट झाला.

केबलबद्दल बोलणार नव्हते पण आता बोलतेच. खोक्यावर "शुद्ध तांबं" लिहिलंय. जॅकला बसवताना दोन तारा वाकवता वाकवता तुटल्या म्हणून ब्लेडने खरवडून बघितलं तर वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं. ॲल्युमिनियम. चालतेय आत्ता, लांबी कमी आहे म्हणून असेल, पण उद्या कोणी याच केबलवरून कॅमेऱ्याला करंट दिला आणि ती तापली तर त्यालाही राउटर रिस्टार्ट करायला सांगणार का?

वाईट याचं जास्त वाटतं की तुमचाच आठ पोर्टचा स्विच माझ्याकडे सहा वर्षं चालू आहे, एकदा बंद पडला नाही. तुमचं नाव बघून हे किट उचललं, शेजारचं स्वस्त होतं ते ठेवून. मीच चार जणांना तुमचं नाव सुचवलंय, त्यांना आता टॉर्च मारून बघायला सांगितलंय.

आठ पिनांचा जॉइंटर आणि खऱ्या तांब्याची केबल पाठवा, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. कूपन नको, पॉइंट नको, एक्स्टेंडर तर मुळीच नको. आठ दिवस थांबते, नंतर जॉइंटर, टेस्टर, फोटो आणि ते रेकॉर्डिंग मागण्याचा अर्ज घेऊन ग्राहक आयोगात जाणार आहे, आणि हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाहीये. पुन्हा सांगते, आठ पिना, मोजून पाठवा.

फोन केलात तर तो मीच घेईन. सर घरी असले तरी.

तुमची, अजून आठ दिवस तरी, ग्राहक