अनावश्यक सुई आणि हेपॅटायटिस सी : इजिप्तमधील संशोधनाची विदर्भाने दखल घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की दूषित पाण्यामुळे होणाऱ्या काविळीच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमित येतात आणि त्या यायलाच हव्यात. मात्र रक्तातून पसरणाऱ्या, डोळे पिवळे न करता वीस-वीस, तीस-तीस वर्षे यकृत पोखरत राहणाऱ्या हेपॅटायटिस सी या आजाराविषयी ग्रामीण विदर्भात फारसे कोणी बोलताना दिसत नाही. या आजाराबाबत इजिप्तमध्ये गेल्या पंचवीस वर्षांत झालेले संशोधन जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात माझे नोकरीचे आयुष्य गेले. त्या अनुभवावरून मला असे ठामपणे वाटते की, आपल्याकडील खेड्यांत सुईची जी सवय लागली आहे तिच्याकडे या संशोधनाच्या प्रकाशात पाहण्याची वेळ आली आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी इजिप्तची हकिकत थोडी विस्ताराने सांगतो. नाईल नदीच्या कालव्यांत उभे राहून काम करणाऱ्या शेतकऱ्यांना तेथे फार पूर्वीपासून बिल्हार्झिया नावाचा कृमिरोग होत आला आहे. पाण्यातल्या गोगलगायींमधून बाहेर पडणारे जंतू कातडीतून शरीरात शिरतात आणि पुढे लघवीतून रक्त जाऊ लागते. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने १८५१ मध्ये कैरो येथे हा कृमी शोधला, त्यावरूनच रोगाला हे नाव पडले. विसाव्या शतकात सरकारने या रोगाविरुद्ध मोठी मोहीम काढली आणि गावोगावी टार्टार इमेटिक या औषधाची इंजेक्शने शिरेतून देण्यास सुरुवात केली. एकेका रुग्णाला आठवड्याच्या अंतराने दहा-बारा किंवा त्याहून अधिक सुया घ्याव्या लागत. सिरिंज काचेची असे आणि तीच धुऊन-उकळून पुढच्या माणसाला वापरली जाई. हेतू चांगला होता आणि त्या काळात दुसरे प्रभावी औषधही नव्हते. १९८० च्या दशकात तोंडाने घेण्याची प्राझिक्वान्टेल ही गोळी आली आणि ही टोचणी हळूहळू थांबली.

हेपॅटायटिस सी चा विषाणू जगाला ओळखता आला तो १९८९ मध्ये, म्हणजे ही मोहीम संपल्यानंतर. पुढे इजिप्तमध्ये तपासण्या सुरू झाल्या तेव्हा प्रौढ लोकांत या विषाणूचे प्रमाण जगात सर्वाधिक असल्याचे आढळले. असे का व्हावे, याचा शोध घेणारा एक महत्त्वाचा शोधनिबंध २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संशोधकांनी देशाच्या चार वेगवेगळ्या भागांतील लोकांची वये आणि त्या-त्या भागात टोचणी किती काळ व किती प्रमाणात चालली होती, याची सांगड घातली. जेथे टोचणी जास्त झाली होती तेथे, आणि ज्या वयाच्या लोकांच्या वाट्याला ती आली होती त्यांच्यात, सी ची लागणही जास्त होती. म्हणजे एक रोग घालवण्यासाठी टोचलेल्या सुयांतूनच दुसरा रोग पेरला गेला होता आणि तो उगवून वर यायला दोन-तीन दशके लागली. टोचणी थांबल्यावरही तो आपोआप संपला नाही. दवाखान्यातील अस्वच्छ उपकरणे, दाताचे उपचार आणि सुयांचा पुनर्वापर यांतून त्याचा प्रसार चालूच राहिला. २००८ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ५९ या वयोगटातील शंभरांपैकी जवळजवळ पंधरा जणांच्या रक्तात या विषाणूच्या लागणीची (आत्ताच्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या) खूण सापडली.

काचेच्या सिरिंजचा काळ आपल्याकडच्या जुन्या कर्मचाऱ्यांनीही पाहिला आहे. स्टोव्हवर स्टीलचा डबा खदखदत असे, त्यात फडक्यात गुंडाळलेल्या सिरिंजा आणि सुया असत, बोथट झालेली सुई दगडावर घासून पुन्हा धारदार केली जाई. वीस मिनिटे उकळा, असा नियम होता. परंतु दाराबाहेर पन्नास माणसांची रांग असेल आणि डब्यात मोजक्याच सिरिंजा असतील, तर प्रत्येक वेळी वीस मिनिटे भरतीलच याची खात्री कोण देणार? इजिप्तच्या खेड्यांत नेमके काय घडले असेल हे समजण्यासाठी मला फार कल्पना लढवावी लागत नाही.

आता आपल्याकडची स्थिती पाहू. काचेच्या सिरिंजा गेल्या आणि शासकीय लसीकरणात एकदा वापरल्यावर दट्ट्या अडकून बसणाऱ्या सिरिंजा आल्या, ही मोठीच सुधारणा आहे. पण लसीकरण म्हणजे गावात टोचल्या जाणाऱ्या एकूण सुयांचा लहानसा भाग. बाकीच्या सुया आठवडी बाजाराच्या दिवशी उघडणाऱ्या एका खोलीच्या दवाखान्यांत टोचल्या जातात. त्यांतील काही दवाखाने पदवीधर डॉक्टरांचे असतात आणि काही नसतात. अंग दुखते, थकवा आला, सर्दी झाली, भूक लागत नाही, या सगळ्यांवर एकच मागणी असते : “गोया नका देऊ जी, सुई मारून द्या.” त्यापुढची पायरी म्हणजे सलाईन, जिला आमच्याकडे सगळे ‘ताकदीची बाटली’ म्हणतात. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन कापणीच्या हंगामात एक दिवस घरी बसले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. आज सुई घेतली की उद्या शेतावर जाता येते, असा त्या माणसाचा हिशेब असतो, आणि त्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. त्या सुईत बहुधा एखादे वेदनाशामक किंवा स्टेरॉइड असते, त्यामुळे तात्पुरते बरे वाटते, विश्वास बसतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा सुईच मागितली जाते. ज्या दुखण्याला दोन साध्या गोळ्या पुरल्या असत्या, त्यासाठी कातडी भेदली जाते.

या शतकाच्या सुरुवातीला देशभर झालेल्या एका पाहणीत दर शंभर इंजेक्शनांपैकी साठांहून अधिक इंजेक्शने असुरक्षित पद्धतीने दिली जात असल्याचे आढळले होते. त्यानंतर परिस्थिती निश्चितच सुधारली आहे. तरीही एक गोष्ट अजून पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सुई नवी घेतली पण सिरिंज जुनीच ठेवली, किंवा वापरलेली सिरिंज पुन्हा त्याच मोठ्या बाटलीत बुडवून औषध ओढले, तर नव्या सुईचा काही उपयोग राहत नाही. सिरिंजच्या पोकळीत राहिलेल्या रक्ताच्या अंशात, जो डोळ्यांना दिसतही नाही, हा विषाणू कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो. आणि बी प्रकारच्या काविळीवर जशी लस आहे, तशी सी वर अद्याप नाही.

माझा आक्षेप सुईला नाही, हे स्पष्ट करतो. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बालकांना जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. ते संशोधनही १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले. आवश्यक तेव्हा, शिकलेल्या हाताने, स्वच्छ साहित्याने दिलेली सुई जीव वाचवते. प्रश्न आहे तो गरज नसताना, केवळ मागणी आहे किंवा जास्त पैसे मिळतात म्हणून टोचल्या जाणाऱ्या सुयांचा.

इजिप्तने पुढे काय केले, तो भाग मला सर्वांत अधिक शिकण्यासारखा वाटतो. २०१३ च्या अखेरीस हेपॅटायटिस सी वरची सोफोसबुविर ही परिणामकारक गोळी बाजारात आली तेव्हा अमेरिकेत बारा आठवड्यांच्या उपचाराची छापील किंमत ८४,००० डॉलर होती. इजिप्तच्या सरकारने कंपनीशी बोलणी करून तीच औषधे ९०० डॉलरमध्ये मिळवली आणि नंतर देशातच तयार होणाऱ्या औषधांमुळे किंमत त्याहून कितीतरी खाली आली. परंतु स्वस्त गोळी असूनही बहुतेकांना आपल्याला आजार आहे हेच ठाऊक नव्हते. म्हणून ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत संपूर्ण देशातील प्रौढांची बोटाला टोचून तपासणी करण्यात आली. इस्पितळांबरोबरच युवक केंद्रे आणि फिरती वाहने अशा माणसे सहज पोहोचतील त्या ठिकाणी ती झाली, आणि त्याच भेटीत रक्तदाब व साखरही पाहिली गेली. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सव्वासहा कोटींच्या उद्दिष्टापैकी ४ कोटी ९६ लाख लोक तपासणीला आले. त्यांतील ४.६ टक्के लोकांत लागणीची खूण आढळली. ज्यांची पुढची तपासणी झाली त्यांच्यापैकी चारांतील तिघांच्या रक्तात विषाणू प्रत्यक्ष होता, आणि उपचारांचा निकाल हाती आलेल्यांपैकी ९८.८ टक्के बरे झाले. साऱ्या मोहिमेचा खर्च २० कोटी ७१ लाख डॉलर होता, म्हणजे एका माणसाला बरे करण्यासाठी सुमारे १३१ डॉलर. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये हेपॅटायटिस सी च्या निर्मूलनाकडे जाणाऱ्या वाटेवर ‘सुवर्ण’ दर्जा दिलेला पहिला देश म्हणून इजिप्तची नोंद केली.

या राष्ट्रीय मोहिमेच्या बाजूला आणखी एक काम झाले, ज्याची आपल्याकडे कमी चर्चा होते. मन्सुरा शहराच्या परिसरातील एका यकृत संशोधन संस्थेने आधी एका खेड्यात आणि नंतर ७३ खेड्यांत ‘शिकवा, तपासा, उपचार करा’ अशी पद्धत राबवली. गावातलेच स्वयंसेवक तयार करण्यात आले. त्यांनी आजार कशाने पसरतो हे आधी समजावले, मग तपासणी आणि मग गोळ्या, असा क्रम ठेवला, आणि खर्चाचा मोठा भाग देणग्यांतून उभा केला. पात्र गावकऱ्यांपैकी दहांतील नऊ जण तपासणीला आले. आपल्याकडे आशाताई, अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्र ही यंत्रणा जागेवर असताना हे आपल्याला अशक्य वाटण्याचे कारण नाही.

तरीही इजिप्तची मोहीम जशीच्या तशी उचलून आणावी, असे मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ५५ लाख लोकांना हेपॅटायटिस सी होता. संख्या मोठी असली तरी लोकसंख्येच्या मानाने प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे, त्यामुळे सरसकट प्रत्येकाची तपासणी करण्यापेक्षा जोखीम कुठे आहे ते ओळखून तिथे जाणे शहाणपणाचे होईल. विदर्भात ती जोखीम ओळखणे कठीण नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून आमच्या यवतमाळपर्यंत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची कुटुंबे आहेत आणि त्यांतील कित्येकांना वारंवार रक्त चढवावे लागते. रक्तपेढ्यांत सी ची चाचणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. त्याआधी रक्त घेतलेली, शस्त्रक्रिया किंवा अवघड बाळंतपण झालेली माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत. डायलिसिसवरचे रुग्ण आहेत. आणि वर्षानुवर्षे महिन्याला एक तरी सुई घेणारी माणसे तर गावोगाव आहेत.

जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला जातोच. माझी आरोग्य खात्याला अशी सूचना आहे की, त्याच शिबिरात मोठ्या माणसांना रक्त चढवले होते का, शस्त्रक्रिया कधी झाली, डायलिसिस चालू आहे का, सुया व सलाईन किती वेळा घेता, असे चार प्रश्न विचारावेत. उत्तर होकारार्थी असेल त्यांची हेपॅटायटिस बी व सी ची झटपट चाचणी तेथेच करावी, आणि चाळिशीच्या वरच्यांनाही या भागापुरते शिबिरात सामील करून घ्यावे. प्रत्येक जिल्ह्यातील निवडक दोन-तीन गावांत मात्र सर्वांचीच तपासणी व्हावी, म्हणजे आपल्याकडे आजार नेमका किती आहे हे अंदाजावर राहणार नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेसारख्या ग्रामीण आरोग्याची परंपरा असलेल्या संस्थेने यात पुढाकार घेतला, तर त्या निष्कर्षांना वजन येईल.

सुयांच्या बाबतीत, खाजगी दवाखान्यांतही पुन्हा वापरता न येणाऱ्या सिरिंजा सक्तीच्या करणे आणि वापरलेल्या सुया नेमक्या कुठे जातात याची तालुका पातळीवर तपासणी करणे, या दोन गोष्टी प्रशासनाच्या हातातल्या आहेत. ग्रामसभेतही हा विषय निघावा. नवी सिरिंज आपल्या डोळ्यांसमोर पाकिटातून काढून घेण्याचा आणि ‘हे गोळीने बरे होणार नाही का?’ असे डॉक्टरांना विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, एवढे आशाताईंनी घरोघरी सांगितले तरी पुष्कळ काम होईल.

राहिला उपचारांचा प्रश्न. राष्ट्रीय विषाणुजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला असून त्याखाली नेमलेल्या शासकीय केंद्रांवर तपासणी आणि बारा आठवड्यांच्या गोळ्या मोफत मिळतात. खेड्यातल्या माणसापर्यंत ही माहिती पोहोचलेलीच नाही. पोट फुगून पाणी भरल्यावर तो आधी झाडपाल्याच्या औषधाकडे जातो आणि शेत गहाण ठेवून नागपूर गाठतो, तोवर यकृत वाचवण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. म्हणून आपल्याला विनंती की, विदर्भातील प्रत्येक जिल्ह्यात अशी केंद्रे कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी आणि किती वाजता चालतात, ही यादी आरोग्य खात्याकडून मागवून आपल्या जिल्हा पुरवणीत ठळकपणे छापावी. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचे काम आमच्या गावापुरते मी करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहायक,
जि. यवतमाळ