तबलाच तर वाजवायचाय!

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गणेशोत्सवापासून दिवाळी पहाटेपर्यंतचे दिवस म्हणजे बदली वादकांचा हंगाम. ठरलेला तबलावादक आजारी पडतो किंवा त्याने एकाच तारखेचे दोन कार्यक्रम घेतलेले असतात. मग आदल्या रात्री फोनाफोनी सुरू होते : ‘अभंग-भावगीतंच आहेत हो, तबलाच तर वाजवायचाय.’ फोन उचलणारा कधी ख्यालाला साथ करणारा असतो, कधी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणारा. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम ढेपाळला की खापर त्याच्याच डोक्यावर. आमचं म्हणणं असं, की परक्या शैलीतला वादक बदली म्हणून उत्तम चालतो. त्याला कोरा आणून बसवलेला चालत नाही.

पहिली अडचण पट्टीची, म्हणजे गायकाचा षड्ज (सा) पेटीच्या कोणत्या पट्टीवर आहे त्याची; ‘काळी एक’ म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी. पुरुष गायक बहुधा काळी एक-दोनमध्ये गातात, गायिका काळी चार-पाचमध्ये. सव्वापाच इंच तोंडाचा तबला काळी एक ते काळी दोनपर्यंत सुखाने बोलतो. काळी चारच्या षड्जासाठी (तबल्यावर तो काळी एकच्या खालचा धरतात) सहा इंचांच्या आसपासचा ढाला, म्हणजे रुंद तोंडाचा खालच्या स्वराचा, तबला लागतो. लहान तबला तितका उतरवला तर पुडी (वरचं चामडं) सैल पडून ‘ना’ या बोलाला धार राहत नाही, आणि ढाला तबला दोन-तीन स्वर वर ओढला तर चाट (पुडीची कडा) फाटते. ढाला तबला हाताशी नसेल तर काळी चारच्या गायिकेला काळी एकचा तबला मध्यमात लागतो. पण गाणं भूप रागातलं असेल तर त्यात मध्यमच नसल्याने तो सतत खुपतो. मग तबला काळी दोनवर, म्हणजे पंचमात, चढवावा लागतो. एवढा स्वर चढवायला गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकणं आणि गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हातोडी फिरवणं यात तीन-चार मिनिटं जातात. गायक आणि गायिका आलटून पालटून गाणार असतील तर दोन्ही तबले शेजारी लावून ठेवावेत, नाहीतर एका पट्टीची गाणी सलग घ्यावीत. निवेदकाच्या लांबलेल्या किश्श्याचा खरा उपयोग इथे असतो.

हवेचंही बघावं लागतं. भाद्रपदात दमट हवेने पुडीचा स्वर उतरतो. दिवाळी पहाट उघड्यावर असली तर साडेपाचला दव असतं आणि आठला ऊन. पहिल्या गाण्याला जुळवलेला तबला पाचव्या गाण्याला चढलेला असतो. ख्यालाच्या मैफलीत मधे थांबून तबला सुरात मिळवला तर कोणी हरकत घेत नाही. सलग गाण्यांच्या कार्यक्रमात ती सवड मागून घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट ठेक्याची. आठ मात्रा दिसल्या की शहरी हात ‘धा गे ना ती, न क धि ना’ हा केरवा वाजवायला लागतो. अभंगाला भजनी ठेका हवा असतो. मात्रा त्याच आठ, पण ‘धिंऽ नाधिं ऽधिं नाऽ, तिंऽ नातिं ऽतिं नाऽ’ यातला वजनदार धिं मात्रेच्या मधोमध पडतो आणि टाळकऱ्यांचं झुलणं त्यावर उभं असतं. तिथे केरवा धरला की टाळ एकीकडे, तबला दुसरीकडे. शास्त्रीय साथीदाराची अडचण याच्या उलट : ठेका नेमका येतो, पण हात शिवशिवतात. गायकाने ओळ संपवून श्वास घेतला की तुकडा (छोटी बांधीव रचना), अंतरा संपला की तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा बोल). भावगीतात त्या रिकाम्या जागा व्हायोलिनच्या किंवा बासरीच्या असतात. पहिला अंतरा होईपर्यंत साधा ठेका धरावा, लग्गी (ठेक्याचा जलद, नखरेल विस्तार) गायकाने मागितली तरच, तिहाई तालमीत ठरली असेल तरच. एवढं पाळणारा परका वादक सहसा उघडा पडत नाही.

शैली ओलांडणं कमीपणाचं आहे असा समज असेल तर अहमदजान थिरकवाँ आठवावेत. स्वतंत्र तबलावादनातला एवढा मोठा माणूस गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करत होता. नाट्यपदात विद्येला वाव आहेच, पण नटाचं वाक्य संपता संपता ठेका उचलायचा, आणि ‘वन्समोअर’ आला तर पुन्हा त्याच लयीत पकडायचं. हे नाटक कंपनीत रोज बसूनच हाताला लागतं.

कीर्तनाचं वेगळं. नारदीय कीर्तनात बदली तबलावादक निभावून नेऊ शकतो, पण पूर्वरंगात (कीर्तनाच्या पहिल्या भागात) बुवा गद्यातून श्लोकात आणि श्लोकातून पदात कधी शिरतील याचा भरवसा नसतो. श्लोक-आर्येला ठेका धरू नये, पदाला लगेच धरावा, आणि कटाव (भरभर म्हटली जाणारी यमकांची रचना) सुरू झाला की कारागिरी सोडून ठेका घट्ट ठेवावा, कारण बुवांना त्या ठेक्याच्या आधारानेच श्वास घ्यायचा असतो. बसताना बुवांचा चेहरा आणि त्यांच्या हातातली झांज दोन्ही दिसतील अशी जागा मागावी.

वारकरी कीर्तनाला मात्र तबलेवाल्याने पखवाजावर बसू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. बोलांचं नंतर, आधी कणकेचंच बघा. डाव्या पुडीला ताजी भिजवलेली मूठभर कणीक लागते. कणीक जास्त लावली की स्वर खाली जातो, काढली की वर येतो. तो उजव्या बाजूच्या षड्जाच्या सप्तकभर खाली बसवायचा असतो. पातळ भिजवली तर थाप पडल्यावर कणीक सरकते, घट्ट असली तर निरूपण रंगेपर्यंत वाळते आणि थापेतला गोलावा जातो. अधूनमधून पाण्याचं बोट फिरवावं लागतं. कार्यक्रमानंतर ती खरवडून काढली नाही तर वाळून पुडीला तडे जातात, आणि पखवाज सहसा दुसऱ्याचा असतो! शिवाय वीस-पंचवीस टाळांमधून ऐकू जाणारी उघडी थाप रोज बंद बोल वाजवणाऱ्या हातातून एका रात्रीत निघत नाही.

लावणीचंही तसंच, पण सरसकट नाही. फडावरच्या लावणीला ढोलकीच हवी. तिथे नाचणारीच्या पायाला वाजवावं लागतं, आणि शाईवरच्या बोटांचा कडकडाट व आतून मसाला लावलेल्या धुमेचा (ढोलकीच्या खर्जाच्या बाजूचा) घुमारा तबल्यातून येणं शक्य नाही. बैठकीच्या लावणीत तबल्याला जागा आहे. तिथे एकच ओळ आठ-दहा वेळा येते आणि प्रत्येक फेरीला अदा बदलते. वादकाला वाटतं आपण तेच तेच वाजवतोय, म्हणून तो भरायला जातो आणि अदा झाकून टाकतो. नजर कलावतीच्या चेहऱ्यावर, हात ठेक्यावर.

की-बोर्ड आणि गिटारवाल्यांसाठी थोडक्यात. काळी एकला गिटारचा कॅपो पहिल्या पडद्यावर लावून ‘सी’चे आकार धरावेत, काळी चारला तिथेच ‘जी’चे. जुनी पेटी 440ला (हल्लीच्या प्रमाण सुराला) जुळलेली असेलच असं नाही आणि ती मंचावर जुळवता येत नाही, म्हणून की-बोर्डचं मास्टर ट्यूनिंग पेटीप्रमाणे हलवावं. मालकंस रागातल्या अभंगाला मेजर कॉर्ड वाजवली तर शुद्ध गंधार घुसतो, आणि पंचम तर रागातच नाही. नुसता षड्ज-मध्यम धरला तरी पुष्कळ. उलट, मैफलीतला तबलावादक ट्रॅकवरच्या (आधी ध्वनिमुद्रित साथीच्या) कार्यक्रमात गेला तर कानातली क्लिक, म्हणजे लयीचे ठोके, सोडू नये. गायिका ओळ लांबवेल, ट्रॅक थांबणार नाही.

मुंबईच्या सिनेस्टुडिओंत गोव्याचे वादक परक्या शैलीत वाजवण्याचं हेच काम करत होते. जाझ आणि चर्चच्या संगीतात वाढलेली ही मंडळी रागदारीवरच्या चालींना साथ करायची, कारण अँथनी गोन्साल्विस, सबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या संगीत संयोजकांनी लिहिलेलं नोटेशन समोर स्टँडवर असायचं. चाल आधी पाठ असण्याची गरज नव्हती. आपल्याकडे गाण्याची वही गायकाजवळ असते, वादकाजवळ काहीच नसतं.

म्हणून आयोजकांना विनंती, की बदली ठरवताना निदान एक दिवस आधी गाण्यागणिक एक ओळ लिहून पाठवा. लयीचा आकडा देताना मात्रा कोणती मोजली तेही लिहा. एकच गाणं एकाच्या हिशेबाने 80, दुसऱ्याच्या हिशेबाने 160 असतं. मॉनिटरमध्ये (वादकासमोरच्या स्पीकरमध्ये) गायकाचा आवाज आणि पेटी एवढंच द्या. आणि बिदागी ‘बदली आहे’ म्हणून कापू नका. बदलीला तयारीचं काम नेहमीच्या वादकापेक्षा जास्त पडतं. अशी ओळ कशी असावी त्याचा नमुना देतो :

‘अभंग 3. पट्टी काळी एक. भजनी, आठ मात्रा. सुरुवात मिनिटाला 100 मात्रा, शेवटच्या कडव्यानंतर 130पर्यंत वाढ. उठाव : पेटीचं एक आवर्तन, पहिली ओळ गायक एकटा, ठेका दुसऱ्या फेरीच्या समेपासून. शेवट : ध्रुवपद तीनदा, तिसऱ्याला समेवर थांबणे, तिहाई नाही.’

आपले,
साथसंगत करणारे काही वादक, पुणे