आईचे गुडघे आणि नातीचं बॅडमिंटन

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की बँकेतली ठेव मोडून नातीच्या बॅडमिंटनसाठी पैसे पाठवतो. मागून लगेच आईचा आवाज आला, "आधी पोरीचे गुडघे सांभाळा, त्या सायनाचं काय झालं बघा!" तेव्हा दोघांनाही नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ठेवीचं कुठून सुचलं ते मला ठाऊक आहे, बाबा. सायना नेहवालच्या वडिलांनी तिच्या खेळासाठी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, हे तुम्हीच मला कितीदा सांगितलंय. हरियाणातून बदली होऊन ते हैदराबादला आले, कृषिशास्त्रज्ञाची नोकरी, घरात दोन मुली. पहाटे सायनाला स्कूटरवर घेऊन वीस-पंचवीस किलोमीटरवरचं लाल बहादूर स्टेडियम गाठायचं. मागे तिची आई बसायची, कारण पोरगी झोपेत स्कूटरवरून पडेल ही भीती. आता मी याच शहरात राहते आणि पहाटे लेकीला कोर्टवर सोडते. त्या तिघांची आठवण मला रस्त्यात हमखास येते, आणि त्या आईबद्दल जास्त वाटतं. त्या स्वतः हरियाणाकडून राज्य पातळीवर खेळलेल्या.

पण बाबा, त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. तेव्हा आपल्याकडे मुलींच्या बॅडमिंटनमधलं मोठं नाव म्हणजे मुंबईची अपर्णा पोपट. 1998 ते 2006 सलग नऊ वेळा राष्ट्रीय विजेती, प्रकाश पदुकोण यांच्या विक्रमाची बरोबरी. तरीही एखादी मुलगी केवळ या खेळावर पोट भरेल असं कोणी धरून चालत नव्हतं. ते धाडस सायनाच्या घरानं केलं. आमच्यापुढे आज तशी वेळ नाही. खर्च आहे, नाही म्हणत नाही. पिसांची शटल जोरदार सरावात बघता बघता फाटतात, रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारांची जाळी, तुटतं, बूट झिजतात, रँकिंगच्या स्पर्धांना गावोगाव जावं लागतं. पण आम्हा दोघांच्या पगारात ते बसतंय. आणि ती अजून बारा वर्षांची आहे. पुढे काय होईल ते तिच्या खेळावर ठरू दे. आजोबांची ठेव मोडली हे ओझं घेऊन तिनं कोर्टवर उतरावं, हे मला नको आहे.

आता आई, तुझं. तू म्हणतेस ते खरंच आहे. गुडघ्याची झीज झाल्याचं, आर्थरायटिस असल्याचं सायनानं 2024 मध्ये स्वतः सांगितलं, तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. 2023 नंतर ती स्पर्धेत दिसलीच नाही. या खेळात शरीराचा सगळा भार पुन्हा पुन्हा गुडघ्यावर येतो. नेटजवळचं शटल उचलायला एक पाय लांब टाकून झपकन वाकायचं, तिथून मागे पळत उडी मारायची, एका पायावर उतरायचं आणि परत पुढे. स्पेनची कॅरोलिना मारिन बघ. 2019 मध्ये इंडोनेशियात सायनाविरुद्धच्याच अंतिम सामन्यात तिचा गुडघा गेला, 2021 मध्ये दुसरा गेला आणि 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामना हातात असताना पहिला पुन्हा गेला. त्या दिवशी मी टीव्हीसमोर रडले होते. तिच्यामुळे अंतिम फेरीत गेलेली चीनची बिंगजियाओ पदक घेताना स्पेनचा बिल्ला हातात घेऊन उभी राहिली.

आणि लंडन आठवतं ना? 2012 चं ते कांस्यपदक, बॅडमिंटनमधलं आपलं पहिलं ऑलिंपिक पदक. सायना पहिला गेम 18-21 हरली होती आणि दुसऱ्याच्या सुरुवातीलाच समोरच्या चीनच्या वांग शिनला गुडघ्यामुळे सामना सोडावा लागला. चार वर्षांनी रिओत सायनाचाच गुडघा दुखत होता. गटातच हरली, मग शस्त्रक्रिया.

पण आई, तू इथेच थांबतेस आणि मला त्यापुढचं सांगायचंय. त्या शस्त्रक्रियेनंतर 2017 मध्ये तिनं ग्लासगोला जागतिक स्पर्धेत कांस्य घेतलं. 2018 मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलच्या अंतिम सामन्यात सिंधूला सरळ दोन गेममध्ये हरवून सुवर्ण घेतलं. 2015 मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर होती, तिथे पोचलेली पहिली भारतीय महिला. त्याआधी 2008 मध्ये आपल्या पुण्यात, बालेवाडीला, ज्युनियर जगज्जेती झाली. एवढं सगळं एका दुखऱ्या गुडघ्यामुळे वाया गेलं असं मला म्हणवत नाही. मला तर वाटतं, रिओनंतरची सायना आधीच्या सायनापेक्षा मोठी.

तरी नातीच्या बाबतीत तुझं ऐकलंय. तिच्या सरांशी बोलले. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, मांड्यांच्या आणि कमरेच्या ताकदीचे व्यायाम रोज, दुखत असेल तर लपवायचं नाही. शाळाही सुटणार नाही.

आणि आता खरं कारण. बाबा, ती ठेव आईच्या गुडघ्यांसाठी वापरा. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगून दीड वर्ष होत आलं. दरवेळी "पावसाळा होऊ दे", "दिवाळी होऊ दे". आई, तुला देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, रात्री कूस बदलताना तू कण्हतेस, हे मला बाबांकडून कळतं. तू कधी सांगत नाहीस. शंभर वेळा नातीच्या गुडघ्यांची चौकशी करतेस आणि स्वतःचे तसेच ओढत नेतेस, ते मला बघवत नाही. पैसे नातीसाठी राखायचे म्हणून तू ऑपरेशन पुढे ढकलत असशील, तर ते मला मुळीच मान्य नाही. तिलाही होणार नाही. आजीनं स्टेडियममध्ये येऊन तिचा सामना बघावा, हे तिनं मला अनेकदा सांगितलंय. तिथल्या पायऱ्या उंच आहेत.

ऑपरेशननंतरचे व्यायाम दुखतात म्हणे. मी तिथे असेन, शेजारी बसून करवून घेईन. नात व्हिडिओ कॉलवर मोजायला बसणार आहे, तिनं आधीच ठरवलंय.

बाबा, डॉक्टरांची वेळ घ्या आणि रविवारपर्यंत तारीख कळवा, म्हणजे मला रजा टाकता येईल. जुने एक्स-रे कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, ते काढून ठेवा.

तुमची लेक