मळीच्या पुढच्या कमाईतही ऊसउत्पादक धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये जैवउत्पादनासाठी, म्हणजे सूक्ष्मजीवांसारख्या सजीवांकडून वस्तू बनवून घेण्यासाठी, 'बायो-ई3' धोरण मंजूर केले. त्याच वर्षी जेजुरीत जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. जिवाणूंना साखर खाऊ घालून लॅक्टिक ॲसिड बनवायचे आणि त्यापासून पीएलए हे प्लास्टिक, असे हे तंत्र. मळीतली, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या दाट पाकातली, साखरही या कामाला चालते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पिओरियाच्या प्रयोगशाळेने मक्याच्या स्टार्च कारखान्यात उरणारे पाणी पेनिसिलिनच्या बुरशीला दिले आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढले. कारखान्यात उरलेल्या मालाची किंमत अशी एका फटक्यात बदलते.

म्हणूनच वाट्याचा प्रश्न आताच सुटायला हवा. टनभर उसामागे साधारण 300 किलो बगॅस (चिपाड), 40-45 किलो मळी आणि 30-40 किलो प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) निघते. केंद्राने साखर उद्योगासाठी नेमलेल्या रंगराजन समितीने 2012 मध्ये साखर आणि ही तीन उपउत्पादने मिळून येणाऱ्या उत्पन्नाचा 70 टक्के वाटा ऊसउत्पादकाला सुचवला. त्यात मळीची किंमत मळी म्हणूनच धरलेली आहे. उद्या कारखान्याने किंवा त्याच्या उपकंपनीने तिचे लॅक्टिक ॲसिड करून विकले, तर त्या नफ्यातला हिस्सा ऊसबिलात दिसला पाहिजे. ऊस आमचा आणि सहकारी कारखान्याचे भागभांडवलही आमचेच.

दुसरी काळजी उरलेल्याच्या उरलेल्याची. मळीपासून लिटरभर अल्कोहोल काढले की 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे आसवनीचे गडद सांडपाणी, मागे राहतो. त्याने तांबडाकाळा झालेला ओढा आणि वर आलेले मासे आमच्या भागात लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. लॅक्टिक ॲसिडच्या रूढ पद्धतीत टनाला जवळजवळ टनभर जिप्सम उरते. त्याचे ढीग कुठे टाकणार? खरे तर आमच्याकडच्या चोपण (सोडियम साचून कडक झालेल्या) जमिनी सुधारायला जिप्समच लागते. कृषी विद्यापीठाने ते तपासून शुद्ध ठरवले, तर सभासदांना ते वाहतूक खर्चात मिळू शकेल. पण ही तजवीज परवाना देतानाच व्हावी, ढीग साचल्यावर नको.

साखर आयुक्तालयाने या दोन्ही बाबींचे नियम जाहीर करावेत, आणि असा प्रकल्प घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने वार्षिक सभेपुढे मळीचा हिशेब वेगळा मांडावा, ही विनंती.

– एक ऊसउत्पादक सभासद, वाळवा (जि. सांगली)