इंदूरच्या रामबागेतल्या रेडिओवाल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही दुकान बंद केलंत आणि आता लेकीकडे राहता, हे परवा आईकडून कळलं. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही 'हो हो, ठीक आहे' म्हणता आणि लगेच काकूंच्या हातात देता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. कुणी आभार मानले की तुम्ही अवघडता, ठाऊक आहे. आज इलाज नाही.

विषय आहे 'सोनिक'च्या, म्हणजे त्या सुसाट धावणाऱ्या निळ्या प्राण्याच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटचा. तुमच्या टेबलावरून इतके रेडिओ, टेप आणि मिक्सर गेले की तुम्हाला ती आठवण्याचं कारण नाही. मुंबईच्या मावसभावाकडे सेगा कंपनीचं खेळाचं यंत्र होतं, त्यावर मी सोनिक पाहून आलो होतो आणि पार वेडा झालो होतो. सेगा आमच्या ऐपतीतला नव्हता. आमच्याकडे होता टीव्हीला जोडायचा साधा डबा, ज्याला अख्खी रामबाग 'व्हिडिओ गेम' एवढंच म्हणायची. सहामाहीत मार्क बरे पडले म्हणून बाबांनी महाराणी रोडवरून कॅसेट घेऊन दिली. लेबलवर निळाशार सोनिक. घरी येऊन लावली, तर टेकड्या सोनिकच्या, सोन्याच्या कड्या सोनिकच्या, आणि त्यातून धावतोय कोण, तर भलत्याच खेळातला मारिओ! धावतोय म्हणणंही उदारपणाचं. चढ आला की त्याचा दम जायचा, गोल वळणावर अर्ध्यातूनच मागे घसरायचा, आणि काट्यांवर पडला की संपलं. दिवाळीची सुट्टी त्यातच गेली. दादा म्हणायचा, तुला येत नाही. बाबा म्हणायचे, पैसे मोजलेत, आता खेळ. दोघांचं ऐकून मला पटलं होतं की आपला हातच कच्चा.

तुमच्याकडे आलो तो जॉयस्टिकची वायर तुटली म्हणून. वायर जोडता जोडता तुम्ही विचारलंत, काय खेळतोस? मी म्हटलं, खेळतो, पण येत नाही. यावर मोठी माणसं हसतात किंवा अभ्यासाचं विचारतात. तुम्ही दुकानातल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला डबा जोडलात, चॅनल जुळवलंत, चष्मा लावलात आणि स्वतः खेळायला बसलात. बाहेर एक गिऱ्हाईक इस्त्री घेऊन उभं होतं, त्यांना म्हणालात, "जरा रुकना भिया." तुम्ही मेलात. पुन्हा मेलात. मग चष्मा काढून म्हणालात, "तुझा हात बरोबर आहे रे. खेळच भिकार बनवलाय."

काका, तोवर वस्तू भिकार असू शकते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. छापून, डब्यात घालून, दुकानात टांगलेली गोष्ट बरोबरच असणार, असं मला वाटायचं.

मग तुम्ही स्क्रू काढून कॅसेट उघडलीत. एवढ्या मोठ्या प्लास्टिकच्या आत बोटभर पट्टी, तिच्यावर डांबरासारखा काळा थेंब, बाकी सगळी हवा. चिप त्या थेंबाखाली असते, हे तेव्हा कळलं. दुसरी माझी '९९९९९९९ इन १' होती, तिचंही गुपित तुम्हीच फोडलंत. यादीत नावं शेकड्यांनी, पण खरे खेळ मोजकेच. मेनू फक्त सुरुवातीचे आकडे बदलून तोच खेळ पुन्हा चालू करतो, कधी तिसऱ्या लेव्हलपासून, कधी जास्त जीव देऊन. तुमच्या शब्दांत, "पोहे तेच, बश्या वेगळ्या." आणि कॅसेट लागली नाही की आम्ही सगळे तिच्यात फुंकर मारायचो, ती तुम्ही बंद करवलीत. तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजतात. खोडरबरानं हलकेच घासायचं आणि स्पिरिटनं पुसायचं.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून तुम्ही मला स्कूटरवर त्या दुकानात घेऊन गेलात. भांडला नाहीत. फक्त म्हणालात, "एक बार आप खेल के दिखा दो." दुकानदारानं मुकाट्यानं बदल्यात 'कॉन्ट्रा' हा गोळीबाराचा खेळ काढून दिला. वायरचे पैसे तुम्ही शेवटपर्यंत घेतले नाहीत, बाबा आजही तो विषय काढतात.

पुढे मोठा झाल्यावर या सगळ्यामागची गोष्ट वाचली, आणि प्रत्येक वेळी वाटलं की तुम्हाला सांगावी. त्या मारिओ-सोनिकच्या खिचडीला जगभर 'सोमारी' म्हणतात, १९९४ चा चोरटा खेळ. असल्या भिकार खेळांची गोष्ट त्याहून जुनी. १९८२ मध्ये अटारी या अमेरिकन गेम कंपनीनं 'ई. टी.' चित्रपटावरचा खेळ जेमतेम पाच आठवड्यांत हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉकडून करून घेतला, कारण ख्रिसमस गाठायचा होता. खेळ फसला. असल्या मालानं अमेरिकेतला बाजारच कोसळला आणि १९८३ मध्ये अटारीनं उरलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या. २०१४ मध्ये लोकांनी त्या उकरून काढल्या! बाजार असा कोसळलेला पाहून मारिओवाल्या जपानी निन्टेंडो कंपनीनं पुढे अमेरिकेतल्या आपल्या यंत्रात कुलपाची चिप बसवली, म्हणजे परवानगीशिवाय कुणाची कॅसेट चालायला नको. (कुलूप असूनही चित्रपटांच्या नावावर टुकार खेळ खपलेच, तो भाग वेगळा.) पण १९८३ मध्ये जपानात निघालेल्या त्यांच्याच मूळ यंत्राला, फॅमिकॉमला, असलं कुलूप नव्हतं, आणि आपला डबा त्याचीच नक्कल. म्हणून कुणीही उठावं, कॅसेट बनवावी आणि ती महाराणी रोडपर्यंत यावी.

एक गोष्ट तुम्हाला खास आवडेल. कॉन्ट्रात तीस जीव मिळवायला बटणं दाबायचा तो क्रम, 'वर वर खाली खाली', आठवतो? तुमच्या दुकानातल्या बिलाच्या पाठीवर मी तो लिहून ठेवला होता. ती युक्ती मुळात १९८६ च्या 'ग्रेडियस'मधली. कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ती घातली, कारण तपासताना तो खेळ त्यांना स्वतःलाच पार करता येईना. बनवणाऱ्यालाच!

आता मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. एखादं पान लोकांना वापरता आलं नाही की मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, लोकांना समजत नाही. तेव्हा मी ते पान मागवतो आणि सगळ्यांसमोर स्वतः वापरून बघतो. ऑफिसात या खोडीबद्दल माझं फारसं चांगलं नाव नाही.

डबा अजून माळ्यावर आहे, चालतोही, फक्त दुसऱ्या जॉयस्टिकचं 'ए' बटण दाबलं की वर येत नाही. आतलं रबर गेलंय असं मला वाटतं, तुम्ही बघून सांगा. येत्या रविवारी घेऊन येतो. काकूंना सांगा, जेवायला थांबणार आहे.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
पिंट्या