कार सीट वाढत्या मापाची नको

महोदय,

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत नव्या आईबाबांसाठी खरेदीची यादी आली होती. पाळणा, दुपटी, थर्मामीटर, अंघोळीचा टब असं सगळं क्रमानं दिलं होतं. अगदी तळाशी, ‘सवडीने घेता येतील अशा वस्तू’ या चौकटीत कार सीट होती आणि तिच्यापुढे सल्ला होता, ‘वाढत्या मापाची घ्या, म्हणजे चार वर्षं पुन्हा बघायला नको.’ मी १९ वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. झबलं वाढत्या मापाचं घेतलं तर बाळ त्यात जरा ढगळ दिसतं, एवढंच. कार सीटचं तसं नाही, म्हणून हे पत्र.

याच वर्षी आमच्याकडून घरी गेलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. ३४व्या आठवड्यात जन्मलेली, घरी जायच्या वेळी वजन २ किलो १०० ग्रॅम. तिच्या बाबांनी हौसेनं मोठी, चार वर्षं पुरेल अशी सीट आणली होती. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला घरी सोडण्याआधी आम्ही त्याच्याच सीटमध्ये ९० ते १२० मिनिटं बसवतो, घरचा रस्ता त्याहून लांबचा असेल तर तेवढा वेळ. नाडी, श्वास आणि रक्तातला ऑक्सिजन यांच्यावर यंत्राची नजर असते. तिला बसवलं तेव्हा खांद्याच्या पट्ट्यांची सगळ्यात खालची भोकंसुद्धा तिच्या कानांच्या रेषेत येत होती. पट्टे पूर्ण आवळले तरी छाती आणि पट्टा यांच्यामध्ये माझी मूठ जात होती. डोकं हलू नये म्हणून बाबांनी वेगळी विकत घेतलेली जाड उशी मागे लावली होती आणि तीच तिचं डोकं पुढे ढकलत होती. अकराव्या मिनिटाला ती खाली घसरली, हनुवटी छातीला टेकली आणि नाकपुड्या फुलायला लागल्या. यंत्र वाजायच्या आधीच मी तिला उचललं. ती रडली नव्हती. इतकं लहान बाळ श्वास कोंडला तर रडत नाही, गप्प होतं. हे मी प्रत्येक आईला सांगते, कारण गप्प बसलेलं बाळ म्हणजे शांत झोपलेलं बाळ, असंच आपल्याला वाटतं.

बाबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “सिस्टर, दुकानात सगळ्यात महाग हीच होती हो.” त्यांची काहीच चूक नव्हती. सीट चांगलीच होती, फक्त त्या मुलीची नव्हती. दोन दिवसांनी त्यांनी १ किलो ८०० ग्रॅमपासून चालणारी, तान्ह्या बाळांसाठीची छोटी सीट आणली. तिच्यात पट्टे बरोबर खांद्यांच्या किंचित खालून निघत होते. त्या वेळी मुलगी दीड तास निवांत झोपली आणि यंत्रावरचे आकडे जागचे हलले नाहीत.

सीट मुळात कशासाठी, हेही सांगायला हवं, कारण “मी घट्ट धरून बसेन की मांडीवर” हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर ३ किलोचं बाळ त्या क्षणी हाताला ४० किलोहून जड लागतं. असं ओझं अचानक आलं तर कुठल्याच आईच्या हातात ते पेलण्याची ताकद नसते. मायेचा इथे काहीच संबंध नाही. त्या वेगाची धडक म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली आपटणं. स्वतःच्या पट्ट्यात बाळाला गुंडाळून घेणं तर त्याहून वाईट, कारण आपल्या अंगाचा सगळा भार पट्ट्यामार्फत त्याच्यावर येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या हिशेबानुसार योग्य सीटमुळे कारच्या अपघातात वर्षाच्या आतलं बाळ दगावण्याचा धोका ७१ टक्क्यांनी कमी होतो. आमच्या विभागात एखाद्या औषधानं एवढा फरक पडला असता तर ते आम्ही कुलपात जपून ठेवलं असतं.

बाळानं मान धरली का, असं आपण विचारतो. मान धरली म्हणजे ती पक्की झाली, असं मात्र नाही. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळपास एक चतुर्थांश असतं आणि मानेचे मणके अजून कूर्चेनं जोडलेले असतात. तोंड पुढे करून बसवलं तर धडकेत धड पट्ट्यांमुळे जागेवर राहतं आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. पाठ गाडीच्या पुढच्या बाजूला आणि तोंड मागे केलं की डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या कवचात दाबली जातात आणि धक्का पाठभर वाटला जातो. स्वीडनमधले प्राध्यापक बर्टिल अल्डमन यांना १९६०च्या दशकात ही कल्पना सुचली ती अवकाशवीरांच्या आसनांवरून. उड्डाणाच्या वेळी अवकाशवीर पाठीवर रेलून तो प्रचंड दाब झेलतात, तसाच बाळानं झेलावा, इतका साधा विचार त्यामागे होता.

इथे मला माझी स्वतःची चूक लिहायची आहे. माझा मुलगा ९ महिन्यांचा असताना मी त्याची सीट पुढे तोंड करून फिरवली होती. त्याचे पाय मागच्या आसनाला टेकून दुमडायचे आणि घरात सगळे म्हणायचे, “पोराला किती अवघडून बसवतेस!” मी परिचारिका असूनही मला ते पटलं. पुढे प्रशिक्षणात धडकेच्या चाचणीची चित्रफीत पाहिली. पुढे तोंड केलेल्या बाहुलीची मान ज्या तऱ्हेनं ताणली गेली, ते पाहून मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या महिन्यांत काही झालं नाही, हे माझं नशीब. मुलं घरातही पाय दुमडूनच बसतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. पाय लांब झाले म्हणून सीट फिरवायची नसते. त्या सीटची मागे तोंड करण्याची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपली, तरच फिरवायची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१८ मध्ये हेच सांगितलं आणि वयाची अटच काढून टाकली. स्वीडनमध्ये कित्येक मुलं चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करूनच बसतात.

निवडताना आधी बाळाचं वजन आणि उंची बघा, मग आपली गाडी, आणि किंमत व रंग सगळ्यात शेवटी. सीटवरचं लेबल वाचा. युरोपीय नियमाच्या सीटवर वर्तुळात ‘ई’ अक्षर आणि नियमाचा क्रमांक असतो. जुना आर४४ हा नियम वजनावर चालतो, त्यात तान्ह्यांचा गट १३ किलोपर्यंतचा. २०१३ मध्ये आलेला आर१२९ उंचीवर चालतो, त्यात बाजूनं होणाऱ्या धडकेचीही चाचणी घेतात आणि १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड ठेवणं सक्तीचं आहे. सप्टेंबर २०२४ पासून युरोपीय संघात जुन्या नियमाच्या नव्या सीट विकता येत नाहीत. निवड करता येत असेल तर आर१२९ घ्या. अमेरिकी सीटवर त्यांच्या संघराज्य मानकाची, म्हणजे २१३ क्रमांकाची पूर्तता केल्याचं लिहिलेलं असतं. यातलं काहीच लिहिलेलं नसेल, नुसतं मऊ कापड आणि पट्टे असतील, तर ती दिसायला कितीही गोड असो, तिला सीट म्हणू नका.

कोणाची वापरलेली सीट मिळत असेल तर ती अपघातातून गेलेली नाही, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस ओळखीचा हवा. आतला फोम एकदा दबला की पुन्हा दबत नाही आणि कवचावरची बारीक चीर कापडाखाली दिसत नाही. सीटच्या तळाशी तयार झाल्याची तारीख छापलेली असते, बहुतेक वेळा वापराची मुदतही असते. माहितीपुस्तिका आणि सगळे सुटे भाग नसतील तर नको म्हणा. देणाऱ्याला वाईट वाटलं तरी चालेल.

दुकानदाराला सांगा, आधी माझ्या गाडीत बसवून दाखवा. गाडीत आयसोफिक्सची, म्हणजे सीट अडकवण्यासाठी आसनात बसवलेली लोखंडी कडी असतील तर सीट ‘टक्’ आवाज करत बसते आणि चूक होण्याची शक्यता कमी राहते. ती कडी नसतील तर गाडीच्या पट्ट्यानं नीट आवळलेली सीटही तितकीच सुरक्षित असते, फक्त आवळायला जोर लावावा लागतो. पट्टा सीटमधून जिथून जातो तिथे हात धरून डावीउजवीकडे हलवून बघा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. मागे तोंड केलेल्या सीटचा वरचा भाग थोडा हलला तर घाबरू नका, तो हलतोच. नवजात बाळाला साधारण ४५ अंश रेललेलं ठेवायचं असतं आणि त्यासाठी कवचावर रेघ किंवा कल दाखवणारा बुडबुडा दिलेला असतो. तो बघताना गाडी सपाट जागेवर उभी असू द्या. उतारावर बुडबुडा खोटं सांगतो, हे आमच्याच फाटकासमोर मी कितीदा पाहिलं आहे.

पुढच्या आसनावर एअरबॅग चालू असेल तर तिथे मागे तोंड केलेली सीट कधीही ठेवू नका. एअरबॅग फुगली की थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. सीट मागेच ठेवा आणि पहिल्या काही आठवड्यांत मोठ्या माणसानं शेजारी बसावं, म्हणजे मान पुढे कलली तर लगेच दिसेल.

पट्टे आवळण्याची एक खूण मी दारात उभी राहून प्रत्येकाकडून करून घेते. गळ्याच्या हाडाजवळ पट्ट्याची उभी चिमटी काढायला सांगते. कापड चिमटीत आलं तर पट्टा सैल आहे. बोटं नुसती घसरली तर बरोबर आहे. ज्या सीटला छातीवरची क्लिप असते, तिथे ती काखेच्या रेषेत हवी, पोटावर नको. दुपट्यात गुंडाळलेल्या किंवा जाड स्वेटर घातलेल्या बाळावर पट्टे लावू नका. धडकेत ते कापड चपटं होतं आणि बाळ पट्ट्यातून सटकतं. पातळ कपड्यांवर पट्टे लावा आणि पांघरूण वरून घाला. त्या मुलीच्या आजींना हे पटेना, त्यांना वाटलं नातीला गार लागेल. मी त्यांच्यासमोर स्वेटरवरून पट्टे आवळले, मग ते सैल न करता स्वेटर काढून तिला परत बसवलं आणि पट्ट्याखाली माझी चार बोटं घालून दाखवली. आजींनी तो स्वेटर स्वतःच्या हातांनी घडी करून पिशवीत ठेवला.

उचलून नेता येणाऱ्या सीटमध्ये बाळ झोपलं की ती तशीच घरात नेऊन तासन्‌तास ठेवली जाते, पट्टे मोकळे करून. हे टाळाच. घरात ती त्या ४५ अंशांत राहत नाही, बाळ खाली घसरतं आणि सैल पट्टा गळ्याशी येतो. घरी पोचलात की बाळाला सपाट गादीवर पाठीवर झोपवा. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबून बाहेर काढा, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला त्याहून लवकर.

पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा कार सीट पाळण्याच्या वर घ्यावी, ही विनंती. पाळणा चार दिवस उशिरा आला तर बाळ आईजवळ झोपेल. सीट मात्र दवाखान्याच्या दारातच लागते आणि आमच्याकडची बाळं तारखेची वाट बघत नाहीत. तेव्हा दिलेल्या तारखेच्या महिनाभर आधी ती घेऊन, गाडीत बसवून, पट्टे एकदा सोडून आणि आवळून बघावेत, एवढी ओळ त्या ‘वाढत्या मापाची’च्या जागी छापावी.

आपली,
नवजात अतिदक्षता विभागातील एक परिचारिका