चंपीच्या पैशांबद्दल

संकेश्वर, रविवार

ती. बाबा आणि आई यांस,
शि. सा. न.

काल दादाचा फोन आला. आपली चंपी म्हैस बाजारात 52 हजारांना गेली, आई तीन दिवस तुमच्याशी धड बोलत नाही आणि तुम्ही ताटावरून मान वर करत नाही, एवढं त्यानं एका दमात सांगितलं. फोन केला असता, खरं तुम्ही "बरं बरं" म्हणून तो आईच्या हातात देता आणि आई रडायला लागते. म्हणून लिहिते. दादानं वाचून दाखवावं, मध्ये आपलं काही घालू नये.

आई, बाबा फसले असं तू म्हणतेस. फसले, खरं थोडे. किती ते हिशेबानं सांगते.

माहेरी होते तोवर मी विकणाऱ्याच्या बाजूला उभी असायची. इथं आमचे मामा, म्हणजे सासरे, दर वर्षी दोन-तीन म्हशी घेतात, त्यामुळं लग्न झाल्यापासून मला घेणाऱ्याच्या बाजूचं बोलणं ऐकू येतं. घरी येऊन जेवताना मामा जे बोलतात ते बाजारात कुणी बोलत नाही. घेणारा शिंगं बघतो, दात बघतो, कातडीवर हात फिरवतो. मनात मात्र दिवस मोजत असतो. हिला किती दिवस फुकट घालावं लागणार?

आता चंपीचं बघा. गणपतीत व्यालेली, म्हणजे आठ महिने झाले. दूध दोन्ही वेळचं मिळून चार लिटरवर आलेलं. भाव कुणाला मिळतो? नुकत्या व्यालेलीला, नाहीतर महिन्याभरात वेणार अशीला. चंपी दोन्हीत नाही, मधली. त्यात "गाभण आहे का?" विचारलं तर तुम्ही "असेल" म्हणालात. बाबा, त्या "असेल"चे पैसे घेणारा आपल्याकडूनच कापतो. नसली तर त्याचं काय होतं? उन्हाळ्यात म्हशीला मुका माज येतो, ओरडत नाही, कळेपर्यंत निघून जातो. पाऊस पडून गारवा आला की मग ती ठरणार, आणि तिथून पुढं दहा महिने. मामांनी कमीत कमी धरलं, चार महिने भाकड. पिंजर, पेंड, भुसा मिळून दिवसाला दीडशे, म्हणजे 120 दिवसांचे 18 हजार. चंपी ताजी व्यालेली असती तर 75 मिळाले असते, असं मामाही म्हणतात. 75 आणि 52 मधल्या 23 हजारांतले 18 हे असे गेले. ते कुणी खाल्ले नाहीत. ते चंपीच्या पोटात जाणार आहेत, फक्त दुसऱ्याच्या दावणीला.

उरले पाच. ते मात्र आपल्याकडून सुटले.

पहिलं म्हणजे सकाळी धार काढली नाही. कुणी सांगितलं हे तुम्हाला? कास तटतटलेली दिसावी म्हणून लोक करतात, आणि घेणाऱ्याला ते लांबून कळतं. मग तो चारी सड पिळून बघतो, दगडी, म्हणजे कासेची सूज, झालीय का म्हणून दाबून बघतो, आणि एकदा संशय आला की तुम्ही चार लिटर म्हणाल ते तीन धरतो. शिवाय टेम्पोत तेवढी कास घेऊन उभं राहायचं म्हणजे जनावराचे हाल. आणि डेअरीचं पासबुक, ज्यात रोजचं लिटर आणि फॅट लिहिलेलं असतं, ते देवाच्या फोटोमागं घरीच राहिलं. मामा तर बाजारात म्हैस घेतच नाहीत. बघून येतात, मग त्या माणसाच्या दारात जाऊन संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची धार समोर काढून घेतात. पासबुक असलं तर एकाच धारेवर विसार देतात.

दुसरं, पोचायला अकरा वाजले. लांबून आलेली गिऱ्हाइकं उजाडताच घेतात आणि गाडी भरून निघतात. अकराला उरतात ते हेडी, जनावरांचे व्यापारी. त्यांचं लक्ष म्हशीकडं कमी आणि टेम्पोकडं जास्त. म्हैस परत न्यायला जाता-येताचं भाडं पडणार, हे त्यांना आपल्याआधी कळतं. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला म्हणे. दोन हजार तिथंच गेले, बाबा.

आणि रुमाल. मार्केट यार्डात बटाट्याचा लिलाव असतो तेव्हा बोली सगळ्यांच्या कानावर पडते, पाच रुपये वर गेले की शेजारच्यालाही कळतं. जनावराचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून. शेजारची म्हैस कितीला गेली ते तुम्हाला कळत नाही, दलालाला सगळ्यांचं कळतं. मामा जाताना दोन तास नुसते फिरतात, चहा पितात, विकल्या गेलेल्या जनावरांच्या मालकांना गाठून विचारतात. निम्मे खोटं सांगतात, तरी अंदाज येतो.

आपल्या राजा बैलाचा भाव गेल्या वर्षी कमी आला तो वेगळ्या कारणानं. 2021 पासून आपल्या राज्यात, कर्नाटकात, गाय-बैल कापायला बंदी आहे, 13 वर्षांखालच्या म्हशीलाही. पलीकडं महाराष्ट्रात बैलाची बंदी 2015 पासूनच आहे. त्यातलं पाप-पुण्य आईनं बघावं, मी भावाचं सांगते. थकलेल्या बैलाला पूर्वी एक तळाचा भाव असायचा, तो गेला. औताला घेणारा मिळाला तरच पैसे, आणि आपल्या खाचरांत आता पॉवर टिलर फिरतात. चंपीच्या भावातही हे थोडं आहेच. ती गाभणच राहिली नाही तर सांभाळण्याशिवाय घेणाऱ्यापुढं वाट नाही, तेवढं तो आधीच कापून ठेवतो. 2022 साली लंपी रोगाच्या साथीत बाजार बंद पडले, तेव्हापासून इथली माणसं कानातला बिल्ला आणि लसीचं विचारल्याशिवाय बोलणीच सुरू करत नाहीत.

आता मुद्द्याचं. पैसे कमी पडले म्हणून पुढच्या बाजारात रेडीपण काढायची असं दादा म्हणतोय. काढू नका. कारखाने बंद होऊन दोन महिने झाले, इकडं उसाचं वाडं संपलंय, चिकोडी-हुक्केरीकडच्या कुणाला आत्ता एक तोंड वाढवायचं नाही. सगळे विकायलाच निघालेत. रेडी गाभण आहे की नाही ते सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, बिल्ला नसेल तर मारून घ्या. कमी पडलेले पैसे मी आणि हे मिळून पाठवतो, त्यावर आईनं काही बोलू नये. पाऊस लागला की मामा स्वतः येतो म्हणालेत, दारात धार बघायला नव्हे, नुसतं रेडीला बघायला.

चंपीचं दावं आईनं सोडून घरी आणलंय असं कळलं. खुंटीला तसंच राहू दे. रेडीचं जुनं झालंय, तिला ते होईल.

तुमची,
सुमी